नव्वद दिवसांची किल्ली

त्या मावशी आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते. मार्गशीर्षातला गुरुवार होता, माझा उपास होता आणि मी चहाची वाट बघत बसले होते. दारात त्या उभ्या राहिल्या. साठी ओलांडलेली, काटक बाई. खांद्याला सुती पिशवी, चपला धुळीनं भरलेल्या. पारनेरच्या पठारावरच्या एका गावातून पहिल्या एस.टी.नं निघून, माळीवाड्याच्या स्टँडवर उतरून, विचारत विचारत चालत आल्या होत्या.

"पान्याचा मेसेज हितनंच येतो का?"

"हो, इथूनच."

"मग त्यो लिहितं कोन? त्याला भेटायचंय."

मला हसू आलं. "मावशी, तो कुणी लिहीत नाही. कॉम्प्युटर आपोआप पाठवतो."

"मग त्याला सांगा," त्या म्हणाल्या, "का सात आठवडं झालं त्यो खोटं बोलतोय."

आमची संस्था भूजलाचं काम करते. पारनेर, पाथर्डी, शेवगाव अशा कोरडवाहू भागातल्या साठ-सत्तर गावांत आम्ही काही विहिरी निवडल्या आहेत. प्रत्येक गावात एक माणूस रोज सकाळी टेप सोडून मोजतो, की काठापासून पाणी किती खाली आहे. आकडा जितका मोठा, तितकं पाणी खोल. तो आकडा तो मोबाईलमध्ये भरतो. तिथून तो जातो पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेच्या सर्व्हरवर. बऱ्याच जिल्ह्यांतल्या नोंदी तिथं जमतात. रोज पहाटे आमचा सर्व्हर त्यांच्याकडून आपल्या गावांचे आकडे मागून आणतो, त्यावरून नकाशा रंगवतो आणि गावातल्या लोकांना मेसेज पाठवतो: आज तुमच्या विहिरीचं पाणी इतक्या मीटरवर.

मी या सगळ्यावर लक्ष ठेवणारी. मूळची शेवगावची. या संस्थेत आले ती नोंदी टाइप करायला. पुढं एका सहकाऱ्यानं मला हळूहळू सर्व्हरचं काम शिकवलं. तो जुलैच्या शेवटी दुसरी नोकरी धरून हैदराबादला गेला, आणि त्याचं सगळं काम माझ्याकडं आलं.

मावशींनी पिशवीतून शंभर पानी वही काढली आणि टेबलावर माझ्यासमोर उघडून ठेवली. पेन्सिलीनं आखलेले रकाने होते. तारीख, वार, आकडा. शेजारी त्यांनी आपला मोबाईल ठेवला. त्या सकाळच्या आमच्या मेसेजमध्ये होतं, पाणी ४.१ मीटरवर. वहीत त्याच दिवसापुढं लिहिलं होतं ९.३.

"आज पहाटं मोजूनच निघाले. आता हितं बघा." त्यांनी पानं मागं उलटली. "वसुबारसंला चार पूर्नांक एक हुतं. त्या दिशी तुमचा आन् माझा आकडा एकच. तवापास्नं इहीर खाली चाललीय, आन् तुमचा मेसेज हाय तिथंच बसलाय."

मी म्हणाले, "तुमच्याकडून नोंद पोचत नसेल मावशी. रेंजचा प्रॉब्लेम असतो तिकडं."

त्यांनी मोबाईल हातात घेतला, आमचं अॅप उघडलं आणि बोटानं एकेक दिवस वर सरकवत मला दाखवला. प्रत्येक नोंदीसमोर बरोबरची हिरवी खूण होती. "ही खून उमटती म्हंजी माझं पोचतंय. न्हाई का? मग जाताना नीट जातंय. माघारी येताना काय हुतंय, ते तुमी बघा."

दोन सर्व्हरच्या मधला बिघाड शोधायला मला पुस्तकं वाचावी लागली होती, आणि या बाईंनी तो गावात बसून, एका हिरव्या खुणेवरून शोधला होता.

तेवढ्यात आमचे सर बाहेर आले. पन्नाशी उलटलेले, उभं आयुष्य विहिरी बघण्यात गेलेलं. त्यांनी वही पाहिली, मग भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरचा नकाशा पाहिला. सगळा पारनेर तालुका निळा दिसत होता. निळा म्हणजे भरपूर पाणी.

"यंदा पाऊस चांगला झालाय," ते म्हणाले. "नकाशा निळाच असणार." पण त्यांच्या आवाजात खात्री नव्हती. ते मावशींकडं वळून म्हणाले, "नऊ मीटर? एवढ्यात?"

"लई मोटरी सुरू झाल्यात, साहेब. रात-दीस उपसा हाय."

मावशींना घाई होती, आणि ती का, तेही त्यांनी सांगितलं. रविवारी गावाची बैठक होती. यंदा कांदा किती लावायचा, ते ठरणार होतं. कांद्याला शेवटपर्यंत पाणी लागतं. हरभरा दोन पाण्यांवर निघतो. रोपं तयार होती. मेसेज म्हणत होता, पाणी चार मीटरवर आहे, म्हणजे विहिरी जवळजवळ भरलेल्या आहेत. सगळं गाव कांद्याला निघालं होतं.

"मी सांगितलं, पानी न्हाई, मी रोज मोजती. तर पोरं म्हनली, आजीला टेपवरचं दिसत नसंल, मोबाईल कशाला खोटं बोलंल?" एवढं बोलून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "म्हनून मोबाईलच्या घरी आले."

मी सर्व्हरची रोजनिशी उघडली. लॉग म्हणतात त्याला. सर्व्हरनं दिवसभरात काय काय केलं ते तो स्वतःच तिथं लिहून ठेवतो. मी ती शेवटची कधी उघडली होती, मला आठवेना. पहाटे सहाच्या ओळीवर गेले. तिथं लिहिलेलं होतं: 'परवानगी नाही. टोकनची मुदत संपली. मागची नोंद वापरली.' आदल्या दिवशी तेच. त्याच्या आदल्या दिवशी तेच. मी खाली खाली जात राहिले. वसुबारसेच्या दुसऱ्या दिवसापर्यंत रोज पहाटे आमचा सर्व्हर पुण्याच्या दारात जाऊन उभा राहत होता आणि रोज परत पाठवला जात होता.

हे टोकन म्हणजे साध्या भाषेत मुदतीचा पास. एस.टी.चा महिन्याचा पास असतो तसा. पुण्याचा सर्व्हर आम्हाला ओळखतो तो त्या पासवर. शंभरेक अक्षरं आणि आकड्यांची ती एक लांबलचक ओळ असते; आम्ही ऑफिसात तिला किल्ली म्हणतो. ती नव्वद दिवस चालते. त्याआधी नवी मागून घ्यायची, नाहीतर दार बंद.

'मागची नोंद वापरली' हे माझ्या जुन्या सहकाऱ्यानं कधीकाळी चांगल्या मनानं लिहिलेलं होतं. सुरुवातीच्या दिवसांत इंटरनेट सारखं जायचं, आणि एखाद्या सकाळी मेसेज कोरा गेला की गावागावांतून फोन यायचे. म्हणून त्यानं सर्व्हरला सांगून ठेवलं होतं, की नवा आकडा नाही मिळाला तर कालचा पाठव. एक-दोन दिवसांपुरती सोय होती ती. सात आठवडे कालचाच आकडा जाईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग मी कपाटातून त्यानं दिलेली फाईल काढली. कामं सोपवताना त्यानं केलेली यादी त्यात होती. तेराव्या ओळीत त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'टोकन. नव्वद दिवस. विसरू नये.' आणि त्यापुढं, निळ्या शाईत, वाचल्याची खूण होती. ती माझी होती.

माझे कान तापले. त्याच्याकडं बोट दाखवावं असं काही उरलंच नव्हतं. मी मावशींना म्हणाले, "चूक माझी आहे. एक किल्ली वेळेवर बदलायची होती, ती मी बदलली नाही."

"घावली ना चूक?" त्या म्हणाल्या. "मग झालं. आयतवारच्या आत आकडा खरा हुईल का, तेवढं सांगा."

सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. मी पुण्याला फोन लावला.

तिकडं फोनवर एक मॅडम होत्या. आवाज शांत. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्या संस्थेचं खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच नवीन टोकन देता येतं. आम्ही त्यांना मुदतीच्या आधी तीन मेल पाठवले होते."

खातं माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या नावावर होतं. त्याचा ऑफिसचा मेल तो गेल्यावर आम्हीच बंद केला होता. तीन पत्रं बंद घराच्या दारावर येऊन पडली होती.

मी त्याला हैदराबादला फोन केला. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं. मग म्हणाला, "ताई, सगळ्या गावांचं?"

"सगळ्या."

"आणि सात आठवडे कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"एका मावशींच्या आलं. समोर बसल्यात."

त्यानं मावशींचं गाव विचारून घेतलं. मग म्हणाला, "खातं माझ्या एकट्याच्या नावावर ठेवायलाच नको होतं. घाईत तसंच राहून गेलं." त्यानं तिथल्या तिथं एक पत्र लिहून पाठवलं, की आता या खात्याशी माझा संबंध नाही, जबाबदारी अमुक व्यक्तीकडं द्यावी. सरांनी संस्थेच्या कागदावर दुसरं पत्र तयार केलं. दोन्ही पुण्याला गेली.

सरांनी फोन माझ्या हातातून घेऊन पुण्याच्या मॅडमना विचारलं, "कायमचीच किल्ली द्या ना एखादी. दर तीन महिन्यांनी हा ताप कशाला? नाहीतर शिंगणापूरसारखं करून टाका, दारच नको."

मॅडम हसल्या. पण मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. फोन स्पीकरवर होता, मावशीही ऐकत होत्या. पूर्वी त्या कायमची किल्ली देत असत. एका संस्थेतला जुना लॅपटॉप कुणाला तरी देऊन टाकला गेला. किल्ली त्यातच राहिली. ज्याच्या हाती लागला तो कितीतरी महिने गावोगावच्या विहिरींचे आकडे बघत बसला, आणि कुठल्या गटात पाणी आहे ते जमिनीच्या दलालांना सांगत राहिला. किल्ली मरत नव्हती, म्हणून कुणाला कळलंही नाही. "तेव्हापासून नव्वद दिवस," मॅडम म्हणाल्या. "हरवली तरी आपोआप मरते. तुम्हाला त्रास होतो, मला मान्य आहे. पण त्या विहिरी कुणाच्यातरी आहेत."

मावशींनी मान हलवली. "बरोबर हाय तिचं. कोनाच्या इहिरीत किती पानी, हे काय चव्हाट्यावर मांडायचं न्हाई."

मी घाबरत घाबरत शेवटचा प्रश्न विचारला. या सात आठवड्यांच्या नोंदी गेल्या का?

"नाही हो. लोकांनी पाठवलेलं सगळं आमच्याकडं जमा आहे. तुम्ही न्यायला आला नाहीत, एवढंच."

मावशी दुपारच्या गाडीनं परत गेल्या. जाताना वही ठेवून जाऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना ती लागणार होती.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला नवी किल्ली आली. मी ती दोनदा तपासून जागेवर बसवली. एक अक्षर चुकलं तरी दार उघडत नाही. सर माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. मी वसुबारसेपासून आजपर्यंतच्या सगळ्या नोंदी मागवल्या आणि बटण दाबलं.

क्षणभर काही झालं नाही. मग ओळी उतरायला लागल्या.

त्याआधी मी हजारो नोंदी पाहिल्या होत्या. रोज येणाऱ्या, मूठभर. त्यांच्याकडं मी आकडे म्हणूनच बघायचे. त्या दिवशी सात आठवडे एकदम समोरून जायला लागले आणि मी बघतच राहिले. नरकचतुर्दशीची पहाट. लोकांनी अभ्यंगस्नान करून विहीर मोजली होती. पाडवा. भाऊबीज. कुठंही खंड नव्हता. प्रत्येक नोंदीशेजारी शेरा लिहायला एक रिकामी जागा असते. ती जागा कुणी वापरतं हेच मला ठाऊक नव्हतं, कारण आमचा सर्व्हर शेरे आणतच नव्हता, फक्त आकडे आणायचा. त्या दिवशी सगळंच मागवलं होतं म्हणून तेही आले.

'आज मुलीचं लग्न, म्हणून मोजायला उशीर.' पाथर्डीकडचं गाव होतं.

'विहिरीत धामण होती. टेप वर घेतला. ती गेल्यावर परत मोजलं.'

'इथं रेंज नाही. दर्ग्याच्या टेकडीवर येऊन पाठवतोय.' हाच शेरा सलग अकरा दिवस होता. म्हणजे हा माणूस एक आकडा पोचवायला रोज टेकडी चढत होता.

'पाय मुरगळला. बायकोनं मोजलं. बरोबर आहे, मी काठावर बसून बघितलं.'

सर वाकून एकेक वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कुणीच थांबलं नाही," ते म्हणाले. "आपण थांबलो होतो. ते कुणीच थांबले नाहीत."

भिंतीवरच्या पडद्यावर नकाशा बदलू लागला. एकेक दिवस पुढं सरकत होता तसा निळा रंग फिका पडत गेला, मग हिरवा, मग पठारावरची गावं एकामागून एक पिवळी झाली. सात आठवड्यांत जमिनीखालचं पाणी कसं उतरत गेलं, ते तीन-चार मिनिटांत डोळ्यांसमोर घडलं. आपण ज्या मातीवर चालतो तिच्याखाली एवढी मोठी गोष्ट चालू असते, तिचा आवाज नाही, ती दिसत नाही. आणि ती आपल्याला कळावी म्हणून कुठं कुठं माणसं पहाटे काठावर वाकून उभी असतात. मी हे काम इतकी वर्षं करत होते आणि मला ते त्या शुक्रवारी पहिल्यांदा दिसलं.

रविवारी मी आणि सर मावशींच्या गावी गेलो. बैठक शाळेच्या व्हरांड्यात होती. चाळीस-पन्नास माणसं असतील. मी उभी राहून सांगितलं, की दिवाळीपासूनचे मेसेज चुकीचे होते आणि ती चूक आमच्या ऑफिसची, त्यातही माझी होती. आजचा मेसेज सांगत होता, ९.५.

कुजबुज सुरू झाली. एक तरणा शेतकरी उठला. त्याच्याकडं दोन एकर कांद्याची रोपं तयार होती. तो चिडलेला होता आणि त्याचं चिडणं रास्त होतं. "मॅडम, परवापर्यंत तुमी म्हनत होता चार. आज म्हनताय साडेनऊ. ह्यो खरा कशावरून?"

किल्ली, टोकन, सर्व्हर हे सगळं मी सांगू शकले असते, पण त्यावर त्यानं विश्वास का ठेवावा?

मावशी मागं बायकांत बसल्या होत्या. त्या उठल्या. "चला इहिरीवर. हितं बसून कशाला भांडताय?"

सगळी बैठक विहिरीवर गेली. दगडी बांधणीची जुनी, रुंद विहीर होती. काठावर उभं राहून मी आत डोकावले. खाली काळोखात पाणी होतं, पण किती खाली ते नजरेला समजत नव्हतं. मावशींनी पिशवीतून टेप काढला. त्याच्या टोकाला लोखंडी वजन बांधलेलं होतं. पण टेप सोडायच्या आधी त्यांनी एक खडा उचलला, काठावरून आत टाकला आणि मान जरा कलती केली.

खाली टप्प असा आवाज आला.

"साडेनऊ. पहाटंच्याइतकंच हाय," त्या म्हणाल्या. "चार बोटं इकडंतिकडं."

मग त्यांनी टेप त्या तरण्या शेतकऱ्याच्या हातात दिला. "तूच सोड. म्हनजे माझं डोळं नकोत."

त्यानं टेप सोडला. वजन पाण्याला लागल्याचं हाताला कळलं तशी त्यानं काठाशी चिमूट धरली आणि वाचलं. सरांनी पुढं होऊन बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं, "नऊ पूर्णांक पाच."

तिथं कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खाली वजन हललं तशी पाण्यावर एक वर्तुळ उठलं आणि कडेच्या दगडांपर्यंत जाऊन विरलं.

परत येताना मी मावशींच्या सोबत चालत होते. विचारलं, "हे खड्यावरून कसं कळतं तुम्हाला?"

"लगीन हून आले तवा ह्याच इहिरीवर पानी शेंदायला यायचे. पोहरा सोडला का दोर हातातनं किती जातो, ते रोजचंच. पुढं मोटर आली, दोर गेला. पर कान ऱ्हायलं ना." मग त्या म्हणाल्या, "टेप बरा हाय. कानाचा आकडा लोकं मानत न्हाईत."

"आणि मेसेज चुकीचा येत असताना तुम्ही रोज नोंद का पाठवत राहिलात? वाटलं नाही, की कशाला?"

त्यांना माझा प्रश्नच समजला नाही असं वाटलं. "मेसेज चुकला म्हनून इहीर काय चुकली हुती का?"

गावानं ठरवलं ते असं: ज्यांची शेततळी भरलेली होती त्यांनी थोडा कांदा लावावा, बाकीच्यांनी हरभरा. कुरकुर झाली. त्या तरण्या शेतकऱ्यानं आपली रोपं राहुरीकडच्या पाहुण्यांना दिली. त्यांना कालव्याचं पाणी होतं. जाताना तो माझ्याशी बोलला नाही. पण मावशींच्या घरासमोर थांबून त्यानं त्यांना विचारलं, "उद्यापास्नं मी येऊ का मोजायला? तुमच्यासंगं?" त्या म्हणाल्या, "पहाटं साडेपाचला. उशीर केला तर मी थांबायची न्हाई."

सोमवारी सर ऑफिसात आले ते भिंतीवर लावायचं कॅलेंडर घेऊनच. किल्ली संपायच्या तारखेवर त्यांनी लाल पेनानं गोल केला, आणि तिच्या पंधरा दिवस आधीच्या तारखेवर दुसरा. खात्यावर आता तिघांची नावं आहेत. पुण्याचे मेल एका सामाईक पत्त्यावर येतात, तो कुणी नोकरी सोडून गेलं तरी बंद होत नाही. किल्ली कुणाच्या लॅपटॉपमध्ये राहत नाही; सर्व्हरवरच एका बंद जागेत असते. आणि मी तो जुना 'मागची नोंद वापर' काढून टाकला. आता आकडा मिळाला नाही तर मेसेज तसंच सांगतो, की आजचा आकडा मिळालेला नाही.

आणखी एक गोष्ट मी केली. कुठल्याही गावातून सलग तीन दिवस अगदी तोच आकडा आला, तर माझ्या फोनवर सूचना येते. उपसा चालू असताना कुठली विहीर दशांशापर्यंत जागच्या जागी राहत नाही, हे सरांनी सांगितलं. मावशींनी मात्र ते कधीच ओळखलं होतं.

किल्ली बदलायची पहिली वेळ मार्चात आली. पुण्याच्या मॅडमनी सांगितलं होतं, की नवी किल्ली मिळाली म्हणून जुनी लगेच मरत नाही. काही दिवस दोन्ही चालतात. मी नवी बसवली, जुनी तशीच राहू दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ऑफिसात जाऊन बसले. सहा वाजता नोंदी यायला लागल्या. एकही अडली नाही. गावोगावच्या लोकांना काही बदललं हे कळलंही नाही. कुठलाही गाजावाजा न होता एवढं मोठं काहीतरी हातातून हातात गेलं होतं. मी एकटीच होते तिथं, आणि मला उगाच उभं राहावंसं वाटलं.

वैशाखात पहिल्यांदा ती तीन दिवसांची सूचना वाजली. किल्ली शाबूत होती, लॉग स्वच्छ होता. गाव माझ्याच माहेरच्या बाजूचं, शेवगावपासून जवळ. आठ पूर्णांक सहा, तीन दिवस. तिथं एक म्हातारे चाचा मोजत असत. मी फोन केला तर त्यांच्या सुनेनं उचलला. आधी ती काहीबाही बोलली, मग रडायलाच लागली. चाचांना दवाखान्यात ठेवलं होतं. जाताना त्यांनी तिला सांगितलं होतं, नोंद चुकवू नको. ती विहिरीवर कधी एकटी गेली नव्हती, तिला भीती वाटत होती. म्हणून ती रोज घरात बसून कालचाच आकडा भरत होती.

"मी खोटं भरलं, ताई. अब्बांना सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हणाले. "टेप कुठं आहे?"

"खुंटीला."

"शेजारच्या कुणाला सोबत घ्या आणि जा. वजन पाण्याला लागलं की टेप हातात हलका होतो. घाबरायचं नाही. मी फोनवर आहे."

ती गेली. जावेला सोबत नेलं. मला फोनमध्ये त्या दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, मध्येच हसणं, मग 'धर, धर' असं काहीतरी. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "ताई, नऊ पूर्णांक दोन. दोनदा मोजलं."

"भरा," मी म्हणाले.

थोड्या वेळानं पुण्याच्या सर्व्हरवर ती नोंद दिसली. शेऱ्याच्या जागी तिनं लिहिलं होतं: 'आजपासून सून मोजते.'